उलटा धरलेला फोटो

अप्पांशी मी आयुष्यभर भांडत आले. त्यातलं एकच भांडण कामी आलं, आणि तेही एका चादरीवरून झालेलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांचे बोर्ड रंगवले. घरी कुणाची लग्नपत्रिका आली, तर हा माणूस आधी कडेला किती जागा सोडलीय ते बघणार आणि मग लग्न कुणाचं आहे ते. त्यांच्या हाताखाली वाढल्यावर मी पत्रकं-जाहिरातींची मांडणी शिकवायला लागले यात नवल काही नाही.

नवीन दुकान टाकणाऱ्या, घरच्या घरी पत्रकं तयार करणाऱ्या लोकांसाठी मी एक छोटं पुस्तक करत होते. अवघड शब्दांनी माणसं बिचकतात, म्हणून प्रत्येक धड्याला घरातलाच एकेक फोटो काढला होता. तोल कळावा म्हणून दोरीवर वाळत घातलेले कपडे: डावीकडे एकच भलीमोठी गडद चादर, उजवीकडे तीन छोटे शर्ट आणि एक मोजा. जोर कशाला म्हणतात ते दाखवायला काळ्या चपलांची रांग आणि तिच्या डाव्या टोकाला एकच लाल चप्पल. पुस्तक छापायला जायला चार दिवस उरले होते आणि अप्पांची मान हलल्याशिवाय मी ते पाठवणार नव्हते. चाळिशी उलटली तरी ही खोड काही गेलेली नाही.

रविवारी सकाळी आई-अप्पांचा नाश्ता चालू असतानाच मी टेबलावर फोटो मांडले.

“सगळी गर्दी उजवीकडे,” अप्पा म्हणाले. “डावीकडे नुसतं ओसाड. याला तोल म्हणतेस?”

“एका बाजूला एक मोठी वस्तू, दुसऱ्या बाजूला चार लहान. तुम्हीच शिकवलंत ना?”

“हो, पण मोठी वस्तू असेल तर ना!”

माझं डोकं फिरलं. एवढी दहा हात चादर, पण यांच्या लेखी ती वस्तूच नाही. टोमणे मारण्यात अप्पांचा हात कुणी धरू शकत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून मी तो टोमणाच समजले. चपलांचा फोटो पुढे सरकवला. तो बघून ते म्हणाले, “सगळ्या एकसारख्या काळ्या. यात जोर कुठाय?”

“अहो, एकदा तरी पोरीला छान म्हणा की,” आई गॅसपाशी उभी राहून म्हणाली.

“छान असलं की म्हणेन.”

मग मी अप्पांचीच युक्ती अप्पांवर वापरायची ठरवली. बोर्ड रंगवून झाला की ते तो उलटा करून भिंतीला टेकवायचे आणि चार पावलं मागे जाऊन बघायचे. उलटी अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळे नुसतं वजन दिसतं, कुठली बाजू जड आणि कुठली हलकी ते. मी तणतणत कपड्यांचा फोटो उलटा केला आणि त्यांच्यापुढे आपटला.

“घ्या. आता सांगा.”

अप्पांनी फोटो जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, “ही चादर कुठून आली?”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण चेष्टा करताना त्यांच्या मिशा हलतात, आणि त्या हलत नव्हत्या.

“मघाशी शर्ट होते. तू फोटो बदललास का?”

मी तोच फोटो सुलटा केला. “आता?”

“आता शर्ट. चादर गेली.”

मी पहिल्यांदा अप्पांकडे नीट बघितलं. दाढी फक्त उजव्या गालावर केलेली होती, डाव्या गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट. बशीतला डावीकडचा पाव तसाच पडलेला.

“मी रोज सांगते, दाढी नीट करा,” आई म्हणाली. “मला वाटलं, वयाप्रमाणे आळस करतायत.”

“अप्पा, तुम्ही कुठे पडला होतात का?”

अप्पांनी कपाकडे बघितलं. “भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं होतं. ते सरळ करायला स्टुलावर चढलो होतो. झाले तीन आठवडे.”

“आणि मला बोलला नाहीत!” आई ओरडली.

“तू अशीच ओरडली असतीस. आणि घड्याळ सरळ करूनच पडलो बरं का.”

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन बघून सांगितलं, की डोक्यात उजव्या बाजूला रक्त साचत गेलंय आणि मेंदूवर दाब येतोय. डोळे ठणठणीत आहेत, पण डावीकडे काही असतं हेच मेंदूच्या लक्षात राहत नाही. आजच्या आज ऑपरेशन करायला हवं.

“आणखी दोन-चार दिवस काढले असते तर अवघड होतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या लक्षात कसं आलं?”

“आम्ही भांडत होतो,” मी म्हणाले.

दुपारी ऑपरेशन आटोपून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “छान झालं. धोका टळला.” आई मटकन बाकावर बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिने चहा मागितला. मी विचारलं, “डावी बाजू परत येईल?” बहुतेक येईल, पण कधी आणि किती ते सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. अर्धा जीव भांड्यात पडला, अर्धा तसाच टांगणीला राहिला. ज्या माणसाने जन्मभर दोन बाजूंचा तोल सांभाळला त्याला आता एकच बाजू उरली तर काय, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी अप्पा उशीला टेकून बसले. डोक्याला पट्टी, चेहऱ्यावर नाराजी. मला त्यांची परीक्षा घ्यायचा धीरच होत नव्हता, म्हणून मी खिडकीपाशी जाऊन उगाच बाहेरच्या झाडाचा फोटो काढत बसले.

“काय काढतेयस? दाखव,” अप्पा म्हणाले.

मी फोन त्यांच्या अगदी समोर धरला. त्यांनी डोळे बारीक केले, मान थोडी मागे घेतली.

“झाड बरं पकडलंस. खाली मोकळी जागाही ठेवलीस. छान आहे.”

छान! हा शब्द मी चाळीस वर्षांत चारदासुद्धा ऐकला नसेल, आणि आज तो ऐकून मला धडकीच भरली.

“पण घाई केलीस,” ते पुढे म्हणाले. “कोपऱ्यात तुझं बोट आलंय.”

“कुठल्या कोपऱ्यात, अप्पा?”

“डाव्या. हे काय इथे, एवढं मोठं. तुला दिसत नाही का?”

मला खरंच दिसत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी थांबेपर्यंत अप्पांनाच तो फोन धरावा लागला.