मेलेल्या वेइयोची ताजी तारीख

रायलीच्या बैठकीच्या खोलीत त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. कॉफीचे पेले तसेच हातात धरून सगळे एका जुन्या संगणकाकडे बघत होते. पक्षीमंडळाचं संकेतस्थळ याच संगणकावरून चालायचं; पडद्यावर त्याचं नवं पान असायला हवं होतं. त्याऐवजी अक्षरं उमटली : 'आज १७ एप्रिल. मी किनाऱ्यावर बसलोय, हंसांची वाट पाहतोय. – वेइयो.'

वेइयो, रायलीचा नवरा, नोव्हेंबरात वारला होता.

"आले," ओर्वो हलकेच म्हणाला. हा ऊर्जा-उपचारक. दर रविवारी यायचा, मशीनवर हात ठेवायचा, 'मळका प्रवाह जमिनीत सोडायला' वायर उपटून पुन्हा खोचायचा, की वेइयो हजर. मंगळवारपर्यंत तो नाहीसा व्हायचा. "आत्मा दमतो," ओर्वो सांगायचा. आता वेइयोची इच्छा होती म्हणे, की तळ्याकाठची झोपडी आणि सॉना, म्हणजे वाफेचं स्नानघर, ओर्वोच्या उपचारकेंद्राला द्यावी. कागद बुधवारी व्हायचे होते.

मी रायलीची मैत्रीण; शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. माझ्या घरच्या मशीनवर लिनक्स ही संगणकप्रणाली वेइयोनंच बसवून दिली होती. मला खटकत होती ती वायर.

"ओर्वो, आज तुम्ही जरा अंगणात बसा. हात मी ठेवते."

"तुमच्या हातात श्रद्धा नाही, आइलीबाई."

"मग काही उमटणार नाही. बघू तरी."

रायलीनं होकारार्थी मान हलवली. तो गेला. मी हात खिशात ठेवले आणि पायानंच मशीनच्या विजेचं बटण बंद-चालू केलं. तोच वेइयो, तेच हंस.

मग मी मंडळाचं पान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची, म्हणजे नव्या सर्व्हरची, मशीनमधली नोंदवही उघडली. तिथे लिहिलं होतं : पत्ता आधीच वापरात आहे.

"हे बघ रायली. वेब पानांसाठी या मशीनला एक ठरलेलं दार आहे, क्रमांक ऐंशी. वेइयोचा जुना सर्व्हर आणि मंडळानं जानेवारीत बसवलेला नवा, दोघांनाही तेच हवं. मशीन सुरू झालं की जुना आधी उठतो आणि दार अडवतो. नवा बंद पडतो."

"आणि मंगळवारी?"

मी मंडळाच्या सचिव टुइयाला फोन लावून सगळ्यांना ऐकवला. "दर आठवड्याला पान बिघडतं," ती वैतागून म्हणाली. "मी इथून जुना थांबवते, नवा चालू करते. जुन्याचं आपोआप उठणं बंद करायचं राहूनच गेलं."

"पण तारीख आजची आहे," रायली म्हणाली.

मी संगणकाचं घड्याळ डिसेंबरात नेलं आणि पान पुन्हा उघडलं. पडद्यावर आलं : 'आज २४ डिसेंबर. मी किनाऱ्यावर बसलोय, हंसांची वाट पाहतोय.'

डिसेंबरात तळं गोठलेलं असतं, आणि त्यावर म्हणे हंस. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मेलेल्यांना काळ नसतो," दारातून ओर्वो म्हणाला.

"वायर मात्र लागते," मी म्हटलं. "पहिल्यांदा वीज जाऊन परत आली आणि हे पान उमटलं, तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

त्यानं कोट उचलला.

रायलीनं पडद्यावरच्या नावाला बोट लावलं. "म्हणजे तो नाही."

"नाही गं. त्यानं लिहिलेलं आहे."

ती रडली. कागदांवर सही झाली नाही. वेइयोचं पान पुसू नकोस म्हणाली, म्हणून जुन्या सर्व्हरला मी वेगळ्या क्रमांकाचं दार दिलं. आता दोन्ही पानं चालतात.

दुःखातल्या माणसाला शंका घे म्हणणं कठोर वाटतं, हे मला कळतं. तरीही सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला बाजूला बसवा आणि तेच त्याच्याशिवाय करून पाहा. सही त्यानंतर.