अकरावं नाव

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. फॉर्मच्या कोपऱ्यातली वाकडी पिन ती नखाने सरळ करत बसली होती, दहा मिनिटं, कारण खालचा आकडा बघवत नव्हता – बघवत नव्हता कसला, सारखा बघावासा वाटत होता! ती म्हणजे आमची मापाडी. विद्यापीठात कुठला विभाग किती संशोधन करतो ते मोजणाऱ्या कक्षात आहे ना, ती. वर्षभरात छापून आलेले पेपर भागिले माणसं. दोनाच्या खाली गेलं की विभागाला कुलूप. आणि हा फॉर्म सरांचा होता, तिच्या सरांचा… ज्यांनी तिच्या चार वर्षांच्या कामाचा पेपर छापताना तिचंच नाव गाळलं आणि वर म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसलीस? शिकायला मिळालं ना?"

पेपर अठरा. माणसं चौदा.

चौदा! खरी नऊच. पूर्वी माणसं मोजून खोल्या मिळायच्या, म्हणून सोडून गेलेल्यांचीही नावं सर यादीत तशीच ठेवायचे. यंदा त्याच माणसांनी भागायचं होतं, आणि सरांनी परिपत्रक वाचलंच नव्हतं – ते कधी वाचायचे? वाचायचे मी – म्हणजे ती गं – सही करायचे ते… नऊने भागलं तर बरोबर दोन, सुटले. चौदाने भागलं तर बुडाले.

कक्षाची पद्धत अशी, की निकालाआधी विभागाला एक फोन. एकच. तिने केला, आवाज अगदी सपाट ठेवून.

"सर, माणसं चौदाच ना?"

"लिहिलंय ना बाई? चष्मा लावा."

"सगळी येतात रोज?"

"म्हणजे काय! पोटच्या पोरांसारखी आहेत माझी."

आवाजसुद्धा ओळखला नाही गं! फोन ठेवला आणि तिला हसू फुटलं, घाणेरडं हसू – बुडा सर, स्वतःच्या हाताने बुडा, मी नुसता भागाकार करतेय…

मग यादी चाळली, उगाच, चव घेत. चौथं नाव धाकटीचं, सरांच्या सगळ्यात लहान विद्यार्थिनीचं. शेजारच्या टेबलावर बसायची, ताई ताई करून डोकं खायची. पीएचडीला आठच महिने उरलेत तिचे. विभाग गेला की तीही गेली. जाऊ दे! पेपरवरून नाव गाळलं तेव्हा तोंड उघडलं होतं का तिने? नाही… पण जिन्यात हात धरून रडली होती, मुकाट.

आणि अकरावी ती स्वतः.

तीन वर्षं झाली सोडून, आणि यादीत ती रोज येतेय! पेपरवर नको झालेलं नाव खोल्यांसाठी मात्र चालतं… संतापाने अक्षरं दिसेनात. खोटं नाव माहीत असेल तर कक्षाला लाल रेघ मारता येते. धाकटीसाठी, फक्त धाकटीसाठी म्हणत तिने सोडून गेलेल्या बाकी चौघांच्या नावांवर झरझर रेघा ओढल्या. उरली दहा. अठरा भागिले दहा – अजून दोनाच्या खालीच. म्हणजे आता सगळा विभाग तिच्या एका नावावर अडलेला.

पेन तिथेच थांबलं. आणि गंमत सांगू? राग कुठे गेला तिलाच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा त्या नावाला वजन आलं होतं, आणि ते हातातून सोडवेना… तू असतीस तर? मारली असतीस रेघ?