उलटा धरलेला नकाशा

“मामा! ओ मामा! माझी बाग कुणी उलटी केली?”

बेबीचा आवाज चौकाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटला आणि निमूटपणे तिच्याकडेच परत आला. मामा जागेवर नव्हते. बेबी सकाळच्या पहिल्या बसमधून उतरून थेट कॉलेजच्या या चौकात आली होती. खांद्यावर बॅग, काखेत नकाशाची गुंडाळी, आणि केस असे की एखाद्या चिमणीनं भाडं न ठरवता त्यात बिऱ्हाड करावं. अकरा वाजता तिची परीक्षा होती. तिनं कागदावर आखलेली बाग जमिनीवर कशी उतरली, हे छाटणीसर स्वतः चालत फिरून बघणार होते.

बाग उतरली होती, तीही अशी की बघणाऱ्यानं जागीच थबकावं. फक्त नकाशात वाचनालयाच्या भिंतीशी गुलाब आणि सदाफुली होती, आणि इथं त्या भिंतीशी नेचे आणि रंगीत अळू माजले होते. गुलाब सगळे समोर, चित्रशाळेच्या पायथ्याशी. एकूण एक झाड पलीकडच्या वाफ्यात.

“गेले,” बेबी चित्रशाळेच्या पायरीवर मटकन बसली. “यंदाही गेले.”

या ‘यंदाही’ची हकिगत अशी की बेबीच्या हाताला झाड लागत नसे. वर्गात तिला ‘वाळवंट’ म्हणत. तिच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या फुलांनीसुद्धा आठवड्याभरात मान टाकली होती, असं तिची खोलीतली मैत्रीण शपथेवर सांगत असे. अशा मुलीनं लँडस्केप आर्किटेक्चर शिकायला जावं, हे घरी कुणालाच उमगलं नव्हतं. “एवढं लांबलचक नाव कशाला? माळीकाम म्हण की,” असं तिचा दादा म्हणाला होता. दादाचं चष्म्याचं दुकान होतं आणि गल्ल्याशेजारी एक खुर्ची रिकामी होती. बेबी पहिल्यांदा नापास झाली तेव्हा त्याचा फोन आला.

“बेबे, खुर्ची पुसून ठेवू का?”

“अजून एक संधी आहे, दादा.”

“बरं. मग पुसतो, पण अगदी हलक्या हातानं.”

दुसऱ्यांदा नापास झालेल्याला कॉलेज ठेवून घेत नसे. त्यामुळे आता ती खुर्ची बेबीला झोपेतही दिसे. गोल बैठकीची, फिरणारी, आणि कशी कोण जाणे, सदैव तिच्याकडेच तोंड केलेली.

पहिल्या वेळी नापास होण्यात तिचा हात कुणी धरला नसता. एवढ्याशा वाफ्यात तिनं चारशे बारा झाडं बसवली होती. झाडासाठी नकाशात गोल काढतात. तिनं सगळे गोल कुंडीच्या मापाचे काढले आणि एकाला एक चिकटवून रंगवले. कागद मोठा देखणा झाला. ज्यांच्या लाल पेन्सिलीनं अर्ध्या कॉलेजच्या स्वप्नांची छाटणी केली होती, ते छाटणीसर त्या कागदावर बराच वेळ वाकून बघत राहिले.

“ही झाडं आयुष्यात कधी वाढणार नाहीत, असं त्यांनी तुला लिहून दिलंय का?” त्यांनी विचारलं.

तोच कागद बघून मामांनी दुसराच प्रश्न विचारला होता. मामा म्हणजे कॉलेजचे माळी. गेल्या तीस वर्षांत मुलांनी आखलेली प्रत्येक बाग त्यांच्याच हातानं लागली होती. नकाशा कायम उलटा धरत, म्हणून पाठीमागं त्यांना सगळे उलटेमामा म्हणत. त्यांनी एकदा कुंपणाच्या लाकडी खांबाला चुकून महिनाभर पाणी घातलं आणि खांबाला पालवी फुटली, ही गोष्ट प्रत्येक नव्या वर्गाला सांगितली जाई, आणि दर वर्षी पालवी वीतभर वाढत असे. सध्या त्या खांबाला फळं धरली होती.

“झाडं छान काढलीस पोरी,” मामा म्हणाले होते. “पण तण काढायला मी उभा कुठं राहू? यांच्या डोक्यावर?”

बेबी हसली होती. मग वसतिगृहावर जाऊन तिला हसू येईना.

दुसरी संधी म्हणून सरांनी तिला हा चौक दिला. वाचनालय आणि चित्रशाळा या दोन जुळ्या भावांसारख्या तिमजली इमारती, मध्ये फरसबंदी, दोन्ही भिंतींच्या पायथ्याशी एकेक लांब वाफा. आधी तिथं डबर पडलं होतं. या खेपेला बेबीनं झाड पाच वर्षांनी केवढं होईल ते शोधून गोल काढले. चारशे बाराची एकशे तीस झाली. उन्हातली कुठली, सावलीतली कुठली, याच्या याद्या तिला पाठ झाल्या. मोजणीदाराच्या जुन्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद ठेवून तिनं इमारती उतरवल्या, त्यांवर नावं घातली, आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला. वर तोंड केलेला. तिनं पाहिलेल्या प्रत्येक पुस्तकात तो वरच असे.

शिवाय दोन्ही वाफ्यांत, झाडं आणि भिंत यांच्यामध्ये, तिनं दीड फुटाची पट्टी मोकळी ठेवली. प्रत्येक पट्टीत एक छोटा गोल काढला आणि आत लिहिलं, ‘मा.’

“गु. म्हणजे गुलाब, स. म्हणजे सदाफुली,” सर पेन्सिल फिरवत म्हणाले होते. “हे मा. कुठलं झुडूप?”

“झुडूप नाही, सर. मामा. त्यांना वाकायला जागा लागते.”

वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. “पाच वर्षांनीही एवढेच राहतील ना?” एवढं विचारून त्यांनी कोपऱ्यात लाल सही ठोकली, ‘मंजूर’. तीही नेमकी बाणाच्या खाली.

नंतर वर्गाला सहा महिने वेगवेगळ्या शहरांत कामाच्या अनुभवासाठी पाठवलं. झाडं लावायचं काम मामांकडे. बेबीनं मध्ये एकदाच फोन केला होता.

“मामा, लावली का झाडं?”

“लावली की.”

“नकाशाप्रमाणे ना?”

“नकाशा हातात धरूनच लावली.”

आता पायरीवर बसल्या बसल्या बेबीला ते वाक्य आठवलं आणि तिनं दात चावले. हातात धरून! उलटा धरून! तीस वर्षं लोक हसतायत, तरी या माणसाला कागदाची वरची बाजू कळत नाही म्हणजे काय?

ती तशीच धुमसत बसली. मागच्या तापलेल्या भिंतीची पाठीला ऊब लागत होती. थंडीचे दिवस होते, बसमध्ये तिची बोटं आखडली होती, ती हळूहळू सुटायला लागली. शेजारच्या गुलाबावर मधमाशा होत्या. तिनं समोर पाहिलं. वाचनालयाची भिंत सावलीत होती, तिच्या पायथ्याचे नेचे दवानं अजून ओले होते. आकाशात एवढा लख्ख दिवस आणि त्या वाफ्यावर उन्हाचा एक कवडसा नाही.

बेबी उठून पलीकडे गेली. तिथं हुडहुडी भरली. परत अलीकडे आली. इथं ऊन. परत तिकडे गेली. कुणी बघत असतं तर म्हणालं असतं की पोरीचं डोकं फिरलं. मग तिनं फोनवरचं होकायंत्र उघडलं, नकाशा फरशीवर पसरला आणि गुडघे टेकून बघत राहिली.

वाचनालय उत्तरेला नव्हतंच. ते दक्षिणेला होतं. मोजणीदारानं आपला कागद स्वतःच्या सोयीनं फिरवून काढला होता आणि त्याचा बाण खाली तोंड करून होता. ऊन कुठून येतं हे बेबीनं पुस्तकात वाचलं होतं, पाठ केलं होतं, त्यावर टिपणं काढली होती. चौकात येऊन तेवढं पाहिलं नव्हतं. तिच्या कागदाप्रमाणे लावलं असतं तर गुलाब हिवाळाभर त्या गारठ्यात कुजले असते आणि नेचे इथं भाजून निघाले असते. एकशे तीसपैकी शंभर तरी मेली असती.

मामांनी नकाशा उलटा धरला होता, आणि म्हणून बाग जिवंत होती.

अकराला छाटणीसर आले. मागं सगळा वर्ग, हातात नकाशाची प्रत. चौकात पाय ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला. असं सहसा होत नसे, त्यामुळे दोन-तीन मुलं घाबरली. मग त्यांनी कागद पाहिला, वाफा पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

“गुलाब इकडे कसे? मामांना बोलवा.”

मामा पाण्याचा पाइप गुंडाळत आले.

“मामा, नकाशा उलटा लावलात?”

मामांनी एकदा बेबीकडे पाहिलं, एकदा गुलाबांकडे. “तसंच झालं असेल, साहेब. आपल्याला कुठं कागदातलं कळतंय?”

वर्गात खसखस पिकली. “उलटेमामा!” मागून कुणीतरी कुजबुजलं.

“तीन महिन्यांवर निवृत्ती आली तुमची, आणि आता असला घोळ!” सर चिडले होते. “मला कामाच्या वहीत शेरा मारावा लागेल. तुझं नशीब म्हण, बेबी, झाडं तगली. तुझा नकाशा मी मंजूर केलेला, त्यात चूक नाही. पास.”

पास. एवढासा शब्द. बेबीच्या डोळ्यांपुढची ती खुर्ची गर्रकन फिरली आणि पाठमोरी झाली. तोंड मिटून उभं राहायचं, एवढंच काम उरलं होतं. मामाही तिच्याकडे बघत नव्हते. पाइपची एक गाठ सोडवण्यात ते अगदी रंगून गेले होते.

पाइपला गाठ नव्हतीच.

“सर,” बेबी म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला तो दुसऱ्यांदा काढावा लागला. “सर, मामा चुकले नाहीत. बाण चुकलाय. माझा.”

“काय?”

“वाचनालय दक्षिणेला आहे. मी उत्तरेला धरलं. मामांनी कागदाप्रमाणे लावलं असतं ना, तर आज इथं बघायला काही उरलं नसतं.”

सर चालत वाचनालयाच्या भिंतीशी गेले. त्या गारठ्यात अर्धा मिनिट उभे राहिले. मग उन्हात आले. वर्गाची खसखस केव्हाच थांबली होती. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. तिथं बाण होता, वर तोंड केलेला, आणि त्याच्या खाली त्यांची स्वतःची लालभडक सही.

“ही सही कुणाची?” त्यांनी विचारलं.

“हं,” सर म्हणाले. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, बाण खोडला आणि खाली तोंड करून नवा काढला. “बेबी, या कागदाला तू नापास. मीही नापास. बाग पास आहे, ती मामांची. आता मला सांग, मी नुसता कागद तपासायचा का बागपण?”

“मला नाही माहीत, सर.”

“मलाही नाही. चुकलेली जागा स्वतः दाखवलीस, त्याचे काठावर पास होण्याएवढे मार्क देतो. सबंध नकाशा नव्यानं काढून आण. आणि काढण्याआधी सात दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, इथं येऊन नुसती उभी राहा. काही काढू नकोस, काही लिहू नकोस. फक्त ऊन बघ.” ते वळले. “मामा, वहीत शेरा जाणारच.”

मामांनी मान हलवली.

“‘उत्तम काम’ असा. त्यात काही खोडाखोड करायची असेल तर आत्ता सांगा.”

“जशी मर्जी, साहेब,” मामा म्हणाले आणि नसलेली गाठ एकदाची सुटली.

सगळे गेल्यावर बेबी मामांच्या अवजारांच्या खोलीशी गेली. ते दारात बसून कात्रीला तेल देत होते.

“मामा, तुम्हाला नकाशा वाचता येतो.”

“छे गं.”

“प्रत्येक नकाशा उलटा धरता?”

“बहुतेक.”

“म्हणजे बाकीच्यांच्याही बागा...”

“काहींच्या झाडांना पाणी जास्त लागतं, काहींना कमी,” मामा कात्रीकडे बघत म्हणाले. “दोघा-तिघांच्या मरू दिल्या. त्यांना तेही बघायला हवं होतं.”

“मग माझी का नाही?”

मामांनी कात्री खाली ठेवली. हात पुसले. कोनाड्यातून त्यांनी आपली प्रत काढली. सहा महिन्यांत मातीनं आणि पाण्यानं तिचा पापड झाला होता. ती त्यांनी मांडीवर पसरली, अगदी सावकाश उलटी फिरवली आणि एका छोट्या गोलावर बोट ठेवलं.

“मला एकच अक्षर वाचता येतं,” ते म्हणाले. “तीस वर्षांत इतके कागद आले. त्यात झाडं होती, बाकं होती, दिवे होते, कागदी माणसंसुद्धा होती, छत्र्या घेऊन फिरणारी. मी कुणात नव्हतो.”

बेबीला काहीतरी बोलायचं होतं. घरी फोनवर, बसमध्ये, परीक्षेत तिला नेहमी काही ना काही सुचे. आता फक्त “मामा” एवढंच बाहेर आलं, आणि तिनं नाक ओढलं.

“तो खांब,” शेवटी ती म्हणाली. “पालवी फुटलेला. ते तरी खरं का?”

“लाकूड ओलंच होतं,” मामा म्हणाले. “नाक पूस. गुलाबात तण आलंय, ते कोण काढणार?”

ते उठून चौकात गेले आणि गुलाबांच्या मागं शिरले. बेबी चित्रशाळेच्या पायरीवर येऊन उभी राहिली. सात दिवसांतला हा पहिला. ऊन आता पुरतं वाफ्यावर आलं होतं. समोरून पाहिलं तर नुसते गुलाब दिसत होते, आणि त्यांच्या मागं, दीड फुटाच्या पट्टीत, आरामात पुढं सरकणारी एक जुनी टोपी.