रताळ्याचं आडनाव

मित्रांनो, गंजले असले तरी मी पाटीच आहे, आणि माझ्यावरचा एकही शब्द खोटा नाही. हे आधीच सांगते, कारण माझ्यावर शेळ्या मारल्याचा आळ आहे.

तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. म्हैसूर राज्य असतानाची गोष्ट. राजेश्वर गावाजवळच्या एका रोपवाटिकेत पेंटरनं माझ्यावर 'आयपोमिया कार्निया' असं लॅटिन नाव रंगवलं. गिऱ्हाईक कानडी, मराठी, दखनी; एकाच रोपाला तीन नावं. म्हणून हा लॅटिनचा तोडगा. माळी इरप्पानं सगळी नावं पाठ केली. मला तो रोज फडक्यानं पुसायचा.

एकदा बाणूबाई आली. तिला शेळ्यांच्या वाड्याला कुंपण हवं होतं.

"अण्णा, ह्ये शेळ्यांनी खाल्लं तर?"

इरप्पानं माझ्यावर बोट ठेवलं. "अक्का, पहिला शब्द म्हंजे आडनाव. रताळ्याचंबी आडनाव ह्येच. रताळ्याचा वेल शेळ्या खात्यात का न्हाई?"

"खात्यात की."

"मग? चांगल्या घराण्याचं रोप घ्यायलीस, कामून भ्यायलीस?"

मी पत्र्याची, मला ओरडता येत नाही. आडनाव जुळलं की स्वभाव जुळला, हा शोध सोयरिकी जमवणाऱ्यांचा. वनस्पतिशास्त्रानं असा शब्द कुणाला दिलेला नाही. माझा दुसरा शब्द फक्त फुलाचा रंग सांगतो. विष दोन्हींत लिहिलेलं नाही.

उन्हाळ्यात रान वाळलं, हिरवं राहिलं ते एवढं कुंपण. शेळ्यांनी आधी नाक मुरडलं, मग त्यांना चटक लागली. पुढं माना थरथरू लागल्या, पाय लटपटू लागले, आणि एकेक करून वाडा रिकामा झाला.

बाणूबाई परत आली तेव्हा इरप्पा खाली बघून म्हणाला, "म्या काय करू अक्का? पाटीनं घात केला."

"पाटीला कामून बोलायलास? आडनाव बघून लेक दिली, ती माघारी आली. आडनाव बघून रोप न्येलं. माझी खोडच जाईना."

ती गेली. इरप्पानं मला उपटून वाटेतल्या मोरीवर झाकण म्हणून टाकलं. त्या रोपाला लोक पुढं बेशरम म्हणू लागले. शिक्षा मात्र मला. माझ्या जागी आता नवी पाटी आहे. नाव तेच. म्हातारा इरप्पा तिला अजून रोज पुसतो.

मित्रांनो, मला उचलू नका, पुसू नका. फक्त पाटी वाचून झाल्यावर एवढं विचारा: ह्याचा पाला कुणी खाल्ला होता, आणि खाणारा आज कुठं आहे? आडनाव ऐकून पुढं जायचं असेल, तर खुशाल माझ्यावर पाय देऊन जा.