कणाला लव असते

कात्री दाराजवळच्या टेबलावर खट्कन पडली आणि माझ्या मांडीवर धाकट्याने झोपेत पाय झाडले. त्याला झोपवण्यात माझी अख्खी दुपार गेली होती. घर कसं चिडीचूप झालं होतं. मी डोळे वटारून सासऱ्यांकडे पाहिलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. हातात मखमलीचे दोन तुकडे धरून ते दारात उभे होते, नवं खेळणं दाखवायला आलेल्या पोरासारखे.

"सूनबाई," ते कुजबुजले, "कणाला भार-बिर काही नसतो. कणाला लव असते."

सासरे शिंपी. जन्मभर कोट आणि पडदे शिवले. दुकान बंद केल्यावर वेळ जाईना, तेव्हा त्यांनी माझी कॉलेजातली पुस्तकं वाचायला घेतली. मी तिथे विज्ञान शिकवते; सध्या बाळंतपणाच्या रजेवर, पुस्तकं कपाटात धूळ खात पडलेली. इलेक्ट्रॉन-प्रोटॉन त्यांना पटले, त्यांच्यावरचा विजेचा 'भार' मात्र पचनी पडेना. शेवटी त्यांनी स्वतःचाच सिद्धांत मांडला. मखमलीवरून एका बाजूने हात फिरवला तर तो घसरतो, उलट फिरवला तर अडतो, कारण तिची लव एका दिशेला झुकलेली असते. कणांचंही तसंच. इलेक्ट्रॉनची लव खाली, प्रोटॉनची वर. सारख्या लवेचे एकमेकांवरून निसटतात, उलट्या लवेचे एकमेकांत अडकतात. झाली वीज.

"लोकांच्या कोटांना अस्तर लावून झालं," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता अणूला लावतायत."

हे घरातल्या घरात राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण रविवारी वाचनालयाच्या माडीवर निवृत्त मंडळींसमोर त्यांचं भाषण ठरलं होतं, आणि पहिल्या रांगेत 'फ्यूज' बसणार होते. फ्यूज म्हणजे वीजमंडळातले निवृत्त इंजिनिअर. चटकन उडतात म्हणून हे नाव. शिंप्याने आपला सुईत दोरा ओवावा, असं ते चारचौघांत बोलून गेले होते. रविवारी हसं झालं तर त्या माडीचा जिना पुन्हा चढणार नाही, असं सासऱ्यांनी सासूबाईंना सांगितल्याचं माझ्या कानावर होतं. आणि तो जिना सुटला तर त्यांना संध्याकाळी जायला दुसरी जागा नव्हती.

म्हणून ते माझ्याकडे आले होते. तू फ्यूज हो म्हणाले, आणि मला अडव.

खरं सांगायचं तर सिद्धांतातलं भोक मला ऐकता ऐकताच दिसलं होतं. पण त्यांचा चेहरा असा काही फुललेला, की मी आडवळणाने विचारत राहिले. कण तर एकमेकांपासून लांब असतात, मग हात न लागता मखमल अडेल कशी? लव लांबच लांब असते, ते म्हणाले, टोकाकडे विरळ होत जाते, म्हणून अंतर वाढलं की जोर कमी. मी मनातल्या मनात वाहवा केली. वीज पडते ती? लव झडते. लोहचुंबक? ते पुढच्या रविवारी.

मग ते अचानक थांबले. माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "बाळाला भरवतेस तसे प्रश्न विचारतेयस तू. कुस्करून, मऊ करून."

मला वरमल्यासारखं झालं. मांडीवरच्या धाकट्याने नेमकी तेव्हाच कूस बदलली.

"बाबा, कणानेही अशी कूस बदलली तर?" मी हळूच विचारलं. "उलटा फिरला तर त्याची लवही उलटी होणार. मग इलेक्ट्रॉनचा प्रोटॉन होणार का?"

त्यांनी एक तुकडा अर्धा फिरवला. हात फिरवून पाहिला. पुन्हा फिरवला. मखमल कापताना सगळे तुकडे एकाच दिशेने मांडायचे असतात. एक जरी उलटा लागला तरी कोटाची बाही एका रंगाची दिसते आणि पाठ दुसऱ्या. उमेदवारीत त्यांनी त्यासाठी गुरूची थप्पड खाल्ली होती. तेव्हापासून मखमल फिरवता येते हा विचारच त्यांच्या डोक्यातून हद्दपार झाला होता, आणि तोच कायदा त्यांनी बिचाऱ्या कणांनाही लावला होता. असली चूक करायला शिंपीच हवा.

त्यांनी दोन्ही तुकडे खाली ठेवले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते.

"फ्यूजपण हेच विचारणार," ते डोळे पुसत म्हणाले. "विचारू देतो का बघ."

रविवारी मी दोन्ही पोरांना घेऊन मागे, दाराजवळ बसले. सासऱ्यांनी लव समजावली, निसटणं दाखवलं, अडकणं दाखवलं. फ्यूज हाताची घडी घालून, गालातल्या गालात हसत ऐकत होते. शंका आहेत का, असं विचारताच ते घसा खाकरून उठले.

"बसा हो, तुमचीच शंका सांगतो," म्हणत सासऱ्यांनी तुकडा गर्रकन फिरवला. "कण उलटला की माझा सिद्धांतही उलटला. पण घरात आठवडाभर राज्य केलं त्याने."

माडी हसली. त्यांना नव्हे, त्यांच्याबरोबर. तोंडचा घास पळवल्यासारखे फ्यूज उभेच राहिले. मग जरा घुश्शातच म्हणाले, की ते लव विरळ होण्याचं तेवढं बरं होतं, पण विरळ होते ती नेमकी किती? त्यावर दोघांची अशी जुंपली की जिन्यातही वाट अडवून भांडत होते. उद्याची वेळ ठरवूनच सुटले.

घरी येताना सासरे पुढे, मी मागे, धाकटा खांद्यावर आणि लेक माझं बोट धरून.

"आई, आजोबांचं चुकलं?"

चुकलं, मी म्हणाले. कणाला लव नसते, भार असतो. मग माझा वर्गातला आवाज आपसूक लागला: काही प्लस, काही मायनस; वेगळे एकमेकांना ओढतात, सारखे ढकलतात. पुढे सासऱ्यांची चाल मंदावली. कान मागे लागले होते.

लेकीने माझं बोट ओढलं.

"पण आई, समोरचा कोण आहे ते त्या कणांना कळतं कसं?"