बघूकाका

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांना वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. माणूस वाईट नव्हता हो. 'नाही' म्हणणं जिवावर यायचं आणि 'हो' म्हटलं तर करावं लागायचं, म्हणून त्यांनी एकच शब्द धरून ठेवला होता. नळ गळतोय? बघू. भिंतींना रंग द्याल का? बघू. जिन्याचा कठडा हलतोय, सासूबाई घाबरतात? तेही बघूच.

एकदा वरचं पार्सल चुकून खाली आलं, ते द्यायला काका जिना चढले. दार उघडंच होतं. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या बोलायच्या ते ठणाणा.

"सूनबाई, बघूकाका आलेत गं!"

आत खडखडणारं शिलाई मशीन थांबलं. सुनेने जीभ चावली.

"या बघूकाका, बसा," म्हणत म्हातारीने खुर्ची पुढे सरकवली. तिच्या मनात थट्टा अजिबात नव्हती. सुनेच्या तोंडून रोज ऐकून ऐकून तिला ते काकांचं आडनावच वाटत होतं.

काका हसलेही असते, पण खुर्चीमागे बांधलेली खोकी दिसली.

"हे काय?"

"तळमजल्यावरची एक जागा बघितलीय, काका," सून म्हणाली. "कठडा हलायला लागल्यापासून आई खाली उतरल्याच नाहीत. दिवसभर खिडकीत बसून असतात."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. काकू गेल्यापासून त्यांना घरात सोबत होती ती या मशीनच्या आवाजाची. तो बंद होणार याचं वाईट वाटलंच, पण खिडकीतल्या त्या म्हातारीकडे बघून त्याहून जास्त लाज वाटली.

जिभेवर आलेला 'बघू' त्यांनी गिळला.

"कठडा गुरुवारी. वेल्डिंगवाल्याला आणतो. नळ आजच, मी बदलतो. रंग मात्र यंदा नाही जमणार. नाही म्हणजे नाही."

आता ही भांडणार, असं त्यांना वाटलं.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "उगीच वाट बघत बसले. पडदे लावून झाकल्या असत्या भिंती."

गुरुवारी वेल्डिंगवाल्याने टांग दिली. पूर्वीचे काका दार लावून गुपचूप बसले असते. या वेळी ते कुणी विचारायच्या आत वर गेले. "तो आला नाही, फोनही उचलत नाही. दुसऱ्याला घेतल्याशिवाय मी परत येत नाही," म्हणाले आणि निघाले. दुसऱ्याच्या दुकानात ते असे ठाण मांडून बसले, की पीडा टळावी म्हणून त्याने सामान उचललं. दिवेलागणीपर्यंत कठडा पक्का झाला. काकांनी स्वतः त्याला लोंबकळून खात्री केली.

"आता राहाल ना?" त्यांनी वर येऊन विचारलं.

सुनेने दाताने दोरा तोडला. "बघू."

काकांना सणसणीत चपराक बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण हेच लोकांच्या हातावर ठेवत आलो! पण आता मागे हटायचं नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं. ते दारातून हलले नाहीत.

"'बघू' नको म्हणूस. आज सांगता येत नसेल, तर कधी सांगशील ते सांग."

तिला हसू फुटलं. "रविवारी, काका."

रविवारी काका डोळ्याला भिंग लावून बसले होते, पण हातात घड्याळच नव्हतं. जिन्यावर सावकाश पावलं वाजली. कठडा घट्ट धरून म्हातारी एकटी उतरत होती. एकेक पायरी करत ती दारात येऊन उभी राहिली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"बघूकाका, राहतोय हो आम्ही! सूनबाईने विचारलंय, रंग पुढच्या वर्षी देणार का?"

काकांनी भिंग काढलं. डोळे भरून आले होते. "देणार," ते म्हणाले.

म्हातारीने कानामागे हात धरला. "काय म्हणालात? बघू?"

काका खुर्चीवरून उठले आणि गल्लीतली दारं उघडतील एवढ्या मोठ्याने ओरडले, "देणार!"