उठवणीची रेकॉर्ड

खोलीची कडी बाहेरून होती, ही गोष्ट कोंडाजीने चाळीस वर्षांत घरात कुणाला सांगितली नव्हती. बायकोला नाही, पोराला नाही. "खंडाळ्याच्या हॉटेलात व्हतो, गानी लावायचो," एवढंच तो सांगायचा. इंदुरी गावाच्या पारावर तेवढ्यावरच त्याची कीर्ती झाली होती. कुणी तंबाखू मागायला आलं की म्हणायचं, "भाऊ, तुमी काय बाबा, डिस्कोवालं! लय मजा मारली आसंल." कोंडाजी हसायचा, समोरच्याच्या तळहातावर चिमूट ठेवायचा आणि बोलणं नदीच्या पाण्यावर न्यायचा.

त्या मंगळवारी कैलास कामावरून आला तो चपला न काढताच बोलायला लागला. कैलास हा कोंडाजीचा थोरला. त्याच हॉटेलात नऊ वर्षं लग्नकार्याच्या हॉलवर होता, पण कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी त्याचा कागद नवा व्हायचा, आणि त्याआधीचे आठ दिवस घरात कुणाला घास गोड लागायचा नाही.

"आबा, आसावरीताईंनी बलावलंय तुमास्नी. शनवारी."

"ह्या कोन?"

"मालकांची नात. आता समदं त्याच बगत्यात. तळघरातला तुमचा डिस्को पुन्ना उगडत्यात. जुनी गिऱ्हाइकं, जुनी मानसं, समदी येनार. आन् एकच गानं निवडायचंय. डिस्कोचा आख्खा काळ ज्यात येतो आसं एकच. त्याची रेकॉर्ड चौकटीत घालून भिंतीवर लावनार. ते गानं तुमी निवडायचं."

"मी?"

"मग? सात वरसं गानी कुनी लावली?"

शालूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "जावा की. हितं दिसभर रेडिओचे कान पिळत बसता, तितं जाऊन पिळा. माझ्या कानाला तेवढाच इसावा."

"तेवढंच न्हाई आये," कैलास जरा खाली बघून म्हणाला. "दर शनवार-रयवार आबांनी जुन्या खोलीत बसायचं. म्होरं काच लावलीया. लोकं बगतील, चिठ्ठ्या टाकतील, आबांनी रेकॉर्डी लावायच्या. ताई म्हनल्या, आबांचं जमलं तर तुझं पर्मनंटचं बघते."

कोंडाजीचा घास हातातच राहिला.

"आबा? चार घटकांचं तर काम हाय."

"जमल की," कोंडाजी म्हणाला. पोराच्या तोंडाकडे बघून दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

ती खोली म्हणजे तळघराच्या जिन्याखालची सांद. नाचायच्या फरशीपासून तीन पायऱ्या खाली. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी रुंद. समोर एक आडवा झरोका, तोही बाहेरच्या फरशीच्या पातळीवर. त्यामुळे सात वर्षांत कोंडाजीला नाचणाऱ्यांची तोंडं कधी दिसली नाहीत. दिसले ते पाय. फरशी झाडत जाणाऱ्या रुंद विजारी, टोकदार पांढरे बूट, वीतभर टाचांच्या चपला, आणि त्यांच्यावर फिरणारे लाल-हिरवे ठिपके. सगळा डिस्को त्याने गुडघ्याखालीच पाहिला.

तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं. रेकॉर्डींवर त्याने आपल्या खुणा केल्या होत्या. चुन्याचा टिपका म्हणजे शिट्टीचं गाणं, हळदीचा म्हणजे टाळ्यांचं, कोळशाची रेघ म्हणजे परदेशी बाईचं. गिऱ्हाइकं झरोक्यातून चिठ्ठ्या सरकवायची. चिठ्ठीवर काय आहे ते देव जाणे, म्हणून कोंडाजी पायांकडे बघायचा. पाय रेंगाळायला लागले की चुना, पाय दमले की हळद. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण मागितलं तेच लागलं. एकानेही कधी तक्रार केली नाही.

कडी आली ती पहिल्याच महिन्यात, एका दारुड्यामुळे. तो हवं ते गाणं लावायला खोलीत घुसला आणि दोन रेकॉर्डी फोडून गेला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने दाराला बाहेरून लोखंडी कडी ठोकली. "तुझ्याच भल्यासाठी आहे रे," म्हणाला. कडीपाशी सखाराम नावाचा पहारेकरी उभा राहू लागला. एकदा कडी लागली की मग तहान लागो, पोटात कळ येवो, कार्यक्रम संपेपर्यंत कोंडाजी आत. दुपारी चारनंतर पाणी प्यायचं नाही, ही सवय त्याला तिथेच लागली.

कडी उघडायची ती एका रेकॉर्डीवर. सगळ्यात शेवटी एक संथ रेकॉर्ड लागायची. शब्द नाहीत, नुसती बासरी आणि मागे दबक्या पावलांसारखा ताल. कामगार तिला उठवणीची रेकॉर्ड म्हणायचे, कारण ती लागली की गिऱ्हाईक उठायचं. तो कामाचा नियमच होता. उठवणी लागली की धोंडिबा वाढप्याने हातातले ग्लास गोळा करायचे, भिंतीवरचे पांढरे दिवे लावायचे आणि सखारामने कडी काढायची. कुणी कुणाला विचारायचं नाही, मालक समोर असला तरी थांबायचं नाही. त्या रेकॉर्डीवर कोंडाजीने कसली खूण केली नव्हती. अंधारातही तिच्यावर त्याचा हात बरोबर पडायचा.

शनिवारी डिस्को दुपारी चारला ठेवला होता. जुनी मंडळी आता लवकर झोपतात, म्हणून. तळघराला खिडक्या नव्हत्याच, त्यामुळे चार काय आणि नऊ काय, सारखंच.

कोंडाजीला जांभळा चकचकीत शर्ट घालायला दिला. त्याचा स्वतःचा शर्ट, त्यातला फोन, पेन आणि तंबाखूची पिशवी कैलासने घडी करून नेली. आसावरीताई तिशीच्या आतली, हसतमुख. तिने वाकून नमस्कार केला.

"आबा, तुम्ही म्हणजे आमचा वारसा आहात. पाच वाजता मी माइकवर सांगीन, की आता आबा त्या काळाचं गाणं लावतील. मग तुम्ही लावायचं. शिट्टीचंच ना? पाटी करून ठेवलीये."

कोंडाजीने भिंतीकडे बघितलं. पितळी पाटी खरंच तयार होती. मध्ये रेकॉर्डीची गोल जागा सोडली होती.

"ताई, पाटी झालीया. मग मी निवडायचं काय?"

"तुम्ही निवडलंत, असं सांगायचं," ती म्हणाली आणि फोन आला म्हणून निघून गेली.

कोंडाजी तीन पायऱ्या उतरला. भिंतींना नवा रंग होता, पण खालच्या ओलीचा वास तोच होता. झरोक्याची वरची भिंत काढून तिथे जाड काच बसवली होती, खाली चिठ्ठ्यांपुरती फट. रेकॉर्डी जुन्याच, त्याच्या खुणांसकट जपलेल्या; खुर्ची मात्र नवी, गादीची. कार्यक्रमाची सगळी मांडणी श्रीयश नावाच्या तरण्या गड्याकडे होती. तो फोनमधून काचेकडे बघत ओरडला, "अरे, मागचं दार राहत नाहीये. सारखं उघडतंय, फ्रेममध्ये येतंय." मग तो मागे गेला.

खट्.

त्याला बिचाऱ्याला काय माहीत? दार राहत नव्हतं, हाताशी कडी होती, त्याने सारली. पण कोंडाजीच्या मणक्यातून तो आवाज थेट खाली उतरला. चाळीस वर्षं आवाज बदलला नव्हता. रंग देताना कडीला तेल घालायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

बाहेर गाणी सुरू झाली. म्हणजे त्यानेच सुरू केली. हात आपसूक चालत होते. चुना, हळद, कोळसा. फटीतून चिठ्ठ्या पडू लागल्या. आता त्या वाचता येत होत्या. बावन्नाव्या वर्षी गावच्या साक्षरता वर्गात तो शालूबाईबरोबर एका पाटीवर अक्षरं शिकला होता. एकेक चिठ्ठी तो बोट ठेवून वाचू लागला. 'शिट्टीचं लावा.' 'शिट्टी!!' 'काका, इकडे बघून हसा ना.' 'आता गुडघे हलत नाहीत, पण लावाच.' परत शिट्टी. सगळ्या जगाचं एकमत होतं.

अर्ध्या तासात शर्ट अंगाला चिकटला. बाहेर गार वारं सोडलं होतं, ते काचेच्या आत येत नव्हतं. कोंडाजी उठून दाराशी गेला, दार ढकललं. कडी जागची हलली नाही. त्याने फटीशी तोंड नेऊन हाक मारली, पण फट पडत होती कर्ण्यांच्या समोर. शेवटी त्याने काचेवर थापा मारल्या. बाहेरच्या बायकांनी आनंदाने हात हलवले. एकीने फोन वर धरला. कोंडाजीने दाराकडे बोट करून हातवारे केले, तर दोघांनी तस्सेच हातवारे करून नाच केला.

तो खुर्चीवर बसला.  कैलास पलीकडे ताट घेऊन फिरत होता. मधूनच तो काचेकडे बघायचा आणि पाळण्यातल्या पोराकडे बघून हसावं तसा हसायचा. त्या हसण्याचं काय करायचं? दर शनिवार, दर रविवार. पोराचा कागद पक्का होईल आणि आपली कडी पक्की होईल.

तोंडं बघवेनात, म्हणून तो सवयीने खाली वाकला आणि पाय बघू लागला. आता सगळे कापडी बूट, सुजलेले घोटे, एखादी काठी. आणि त्यात त्याला एक पाय ओळखीचा दिसला. डावी टाच तालाच्या जरा आधी आपटणारा. दर शनिवारी येणारा, कधीच तालावर न येणारा तो पाय. कोंडाजीने वर बघितलं. टाचेच्या वर एक टकलू म्हातारा होता, आणि त्याचं तोंड कोंडाजी जन्मात पहिल्यांदा बघत होता.

मग त्याची नजर मागच्या भिंतीकडे गेली. तिथे जुने कामगार हार घालून ओळीने बसवले होते. धोंडिबा होता. आणि टोकाला, जिन्याच्या बाजूला, सखाराम. मान छातीवर पडलेली, बहुतेक झोपला होता.

माइकवर आसावरीताईंचा आवाज आला, "आणि आता, ज्यांनी हा काळ तुम्हाला ऐकवला, ते कोंडाजी आबा निवडणार आहेत ते एकच गाणं!"

टाळ्या. दोघे-तिघे तर आधीच शिट्ट्या फुंकू लागले. चुन्याचा टिपका समोर होता. कोंडाजीने हात पुढे केला आणि मागे घेतला. डिस्कोचा आख्खा काळ ज्यात येतो ते गाणं. लोकांनी लोकांचं निवडलं होतं. माझं कुठलं? सात वर्षं मी रोज कशाची वाट बघितली?

त्याने डोळे मिटले आणि हात रेकॉर्डींच्या ढिगात घातला. हात बरोबर पडला.

बासरी सुरू झाली.

 नाचायला उचललेले पाय जागच्या जागी थांबले. मग मागच्या ओळीतला धोंडिबा उठला. पंचाहत्तरीचा माणूस, गळ्यात हार, पण तो चालत येऊन लोकांच्या हातातले ग्लास गोळा करू लागला, भरलेलेसुद्धा. एक बाई म्हणाली, "अहो काका, मी पितेय ना!" तो म्हणाला, "झालं बाई, उठा आता," आणि ग्लास घेऊन गेलाच. भिंतीपाशी पोचल्यावर त्याने बटण दाबलं. पांढरा दिवा लख्ख पडला.

सखारामची मान वर आली. तो उठला, हार सावरला आणि कुणाकडेही न बघता जिन्याखाली गेला.

खट्.

कोंडाजी तीन पायऱ्या चढून बाहेर आला. दारात सखाराम उभा होता.

"आज लवकर संपलं रं," सखाराम म्हणाला.

"व्हय. आज जरा लवकर."

आसावरीताई धावत आली. "आबा, हे काय लावलंत? हे तर कार्यक्रम संपल्यासारखं झालं!"

"अहो, पण हेच!" टकलू म्हातारा, त्याचं नाव दीनानाथ, मधेच बोलला. त्याचे डोळे भरले होते. "शिट्टीचं काय, लग्नातही वाजायचं. पण हे लागलं की पोटात खड्डा पडायचा. आता घरी जायचं, उद्या ऑफिस. सगळं आठवलं बघा. तुम्हाला कसं हो कळलं?"

"तुमच्या पायांवरनं," कोंडाजी म्हणाला. बाकीचं त्याने सांगितलं नाही.

कैलास मात्र गाणं ऐकत नव्हता. तो दाराकडे बघत होता. हातातलं ताट त्याने कुठेतरी ठेवून दिलं होतं.

"आबा, कडी भाईरनं?"

"मग काय आतनं?" सखारामच बोलला. "सात वरसं मीच लावायचो. आन् मीच काडायचो."

कैलासने श्रीयशकडे बघितलं. श्रीयश चाचरत म्हणाला, "सॉरी, दार राहत नव्हतं, म्हणून..." कैलास बापाकडे वळला. बापाच्या ओल्या शर्टाला त्याने हात लावून बघितला.

"तुमी सांगितलं न्हाई कवा."

"सांगन्यासारखं काय व्हतं त्यात?" कोंडाजी म्हणाला. मग आसावरीताईंकडे वळला. "ताई, गानं हेच. पाटी बदलायची का न्हाई, तुमी ठरवा. खोलीत मात्र मी बसनार न्हाई."

 तिची नजर पितळी पाटीवर गेली आणि मग कैलासवर आली. 

"ताई," कैलास म्हणाला, "माझं काय ते माझ्या कामावर बगा. आबांवर नगा."

"बघू," ती म्हणाली. त्या 'बघू'चा अर्थ लागण्यासारखा नव्हता, पण दोघांनीही तो विचारला नाही.

कोंडाजी चार पावलं पुढे आला. आपण नाचायच्या फरशीवर उभे आहोत, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. लोक असताना तिथे त्याने कधी पाय ठेवला नव्हता. फरशी वाटली होती तेवढी गुळगुळीत नव्हती.

"पानी आन रं," तो म्हणाला.

कैलासने तांब्याच आणला. कोंडाजी फरशीच्या मधोमध उभा राहून घटाघटा सगळा तांब्या प्यायला. बासरी संपली होती. खोलीत सुई नुसतीच खरखरत फिरत राहिली. ती उचलायला आत कुणी नव्हतं.